जुन्या गाडीच्या चाकातला घुमणारा आवाज: बेअरिंग ओळखण्यापासून बदलण्यापर्यंत

खानदेशात जुनी गाडी घेणारे बरेच जण टेस्ट ड्राइव्ह गावातच उरकतात. जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून बाजारापर्यंत एक चक्कर, ब्रेक मारून बघायचा, एसी लावून बघायचा, झालं. त्या वेगाला चाकाचं बेअरिंग गप्प असतं. गाडी घरी येते, पहिल्यांदा भुसावळ किंवा पारोळ्याच्या बाजूने महामार्गाला लागते आणि काटा साठच्या पुढे गेला की खालून घूंऽऽ सुरू होतं. मग कोणी सांगतं टायर बदला, कोणी सांगतं अलाइनमेंट करा, कोणी थेट गिअरबॉक्सवर बोट ठेवतं.

या आवाजापायी जेवढा पैसा चुकीच्या पार्टवर जातो, तेवढा खऱ्या बेअरिंगला लागतही नाही. आणि बेअरिंग बरोबर ओळखलं तरी ते हातोड्याने ठोकून बसवलं, तर थोड्याच दिवसांत तोच आवाज परत येतो. म्हणून या लेखात दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे: आवाज कुठला हे नक्की करणं आणि नवं बेअरिंग सरळ, योग्य रेसवर (बेअरिंगच्या गोळ्या जिच्यावर धावतात त्या आतल्या किंवा बाहेरच्या कडीवर) दाब देऊन बसवणं. मधलं खोलणं-जोडणं पाना चालवता येणाऱ्या कोणालाही जमेल.

आवाज नेमका कसा असतो

खराब होत आलेल्या बेअरिंगचा आवाज लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा एकसारखा, घुमणारा असतो. तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर नाही. ही खूण सगळ्यात महत्त्वाची. चौथ्या गिअरमध्ये साठला जो आवाज आहे, तोच पाचव्या गिअरमध्ये साठला असेल, तर इंजिन सुटलं. सुरुवातीला आवाज फक्त एका ठरावीक वेगात येतो, पुढे चाळीसलाही ऐकू येतो, आणि शेवटी घुमणं जाऊन खरखर किंवा घासल्याचा आवाज येतो. खरखर सुरू झाली म्हणजे रेसचा पृष्ठभाग सोलून निघालेला असतो आणि गोळ्या त्या खड्ड्यांवरून धावत असतात.

बेअरिंगची शंका आणणारे दुसरे आवाजही असतात, ते आधी वेगळे काढा.

टायरचा आवाज सगळ्यात जास्त फसवतो. टायर झिजून त्याच्या ब्लॉकना पायऱ्या पडल्या की अगदी बेअरिंगसारखंच घुमतं. फरक असा की टायरचा आवाज रस्त्यानुसार बदलतो. सिमेंटचा रस्ता सोडून डांबरावर आलात आणि आवाज एकदम बदलला किंवा गेला, तर टायरकडे बघा. बेअरिंगला रस्ता कुठला याच्याशी घेणं नसतं. टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर झीज तिरकी आहे. तरीही शंका राहिली तर त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावून बघा. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. या अदलाबदलीला जॅक आणि थोडा वेळ लागतो, पैसा लागत नाही. म्हणून नवे टायर घेण्याआधी ती झालीच पाहिजे.

कमी वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट-कट आवाज आला तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालंय का बघा. ब्रेक दाबल्यावर आवाज बदलत किंवा थांबत असेल, तर आधी ब्रेक पॅड आणि डिस्क तपासा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर येत असेल, तर गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाची) शक्यता वाढते.

रस्त्यावर ऐकायचं कसं

काचा बंद, एसीचा पंखा बंद, गाणी बंद. शेजारी आणि मागे एकेक माणूस बसवा, कारण ड्रायव्हरला आवाज नेहमी आपल्याच पायाखालून आल्यासारखा वाटतो. चारही टायरची हवा आधी भरून घ्या, कमी हवेचा टायरही घुमतो.

मोकळा, सरळ रस्ता निवडा. वर्दळीच्या महामार्गावर हा प्रयोग करू नका. सकाळी लवकर एखादा रुंद, रिकामा जोडरस्ता मिळतो, तो घ्या. पन्नास-साठच्या वेगात आवाज येऊ द्या आणि गिअर न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करायचं नाही, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत इंजिनवर चालते. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर संशय चाकाकडे वळतो. पूर्ण मात्र वळत नाही, कारण गिअरबॉक्समधलं डिफरन्शियल न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरतच असतं.

आता त्याच वेगात स्टिअरिंग हळुवार डावीकडे, मग हळुवार उजवीकडे घ्या. झटका नको, लेन बदलताना घेतो तेवढंच. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर येतं. त्या क्षणी आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचं. 'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण, आजच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. आतल्या बाजूची ओळ खराब असेल तर कधी उलटाही अनुभव येतो. म्हणून या चाचणीवरून संशय ठेवायचा, निकाल जॅकवर लावायचा.

गाडी थांबवल्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंची उष्णता ताडून बघण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न मारता आल्यावरच वापरा. कन्नड घाट उतरून चाळीसगावात थांबलात आणि हात लावला, तर चारही चाकं ब्रेकमुळेच तापलेली असतील आणि हात भाजेल. ब्रेक पॅड दाबणारा कॅलिपर अडकला तर तोही एकच चाक तापवतो, हेही लक्षात ठेवा. आणि मे महिन्यात भर दुपारी जिथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे उन्हाच्या बाजूचं चाक तसंच गरम लागतं.

जॅकवरची तपासणी

जमीन सपाट आणि टणक हवी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नका, तो वजनाने खचतो. दुसरा उपाय नसेल तर खाली जाड फळी टाका. उभ्या राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा, गाडी उचलली की जॅकच्या शेजारी लोखंडी स्टँड लावा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली हात-पाय घालू नका.

पहिली चाचणी हलवण्याची. घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे दोन्ही हातांनी चाक धरा आणि आलटून-पालटून ढकला-ओढा. टक-टक जाणवलं तर प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. पण प्ले बेअरिंगचाच असेल असं नाही, खालचा बॉल जॉइंटही (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा) सैल असू शकतो. ते वेगळं करायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा न फिरणारा लोखंडी भाग) एकत्र धरून ठेवले. प्ले राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावरच प्ले येत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक) तपासा.

बऱ्याच गॅरेजमध्ये तपासणी इथेच थांबते: "प्ले नाही, बेअरिंग ठीक आहे." हे चूक आहे. दोन ओळींचं सीलबंद बेअरिंग जराही प्ले न येता मोठ्याने घुमू शकतं. प्ले येणं ही शेवटची अवस्था.

दुसरी चाचणी माझ्या मते सगळ्यात भरवशाची. यावलकडचे एक केळीवाले आबा वॅगनआर घेऊन आले होते. चारही टायर नवे, अलाइनमेंटची पावती डॅशबोर्डवर, तरी "आवाज येसच ना भाऊ" ही तक्रार कायम. चाक हलवून पाहिलं, प्ले अजिबात नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढचं उजवं चाक उचललं आणि आबांनाच म्हटलं, "आबा, इथं शॉकअपच्या स्प्रिंगवर बोटं टेकवा, घट्ट धरू नका." मी चाक जोरात फिरवलं. स्प्रिंगमधून बारीक, दाणेदार थरथर त्यांच्या बोटांना लागली. तसंच डाव्या बाजूला केलं, तिथे स्प्रिंग शांत. आबांनी मान हलवली, पुढे काही समजावून सांगायची गरज पडली नाही. स्प्रिंग नकलमधली थरथर थेट बोटांपर्यंत आणते, म्हणून कानाला न कळणारा दोष हाताला कळतो. दोन्ही बाजू ताडून बघणं मात्र आवश्यक आहे. ब्रेक पॅड डिस्कला किंचित घासून 'स्स्स' असा हलका आवाज येतो तो वेगळा आणि निर्धोक.

पुढच्या चाकावर चालणाऱ्या गाडीत एक चाक उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक फिरवायचा प्रकार काही जण करतात. घरी हे करू नका. एक चाक जमिनीवर असताना डिफरन्शियल उचललेल्या चाकाला दुप्पट वेगाने फिरवतं, आणि गाडी स्टँडवरून घसरली तर आवरत नाही.

तुमच्या गाडीत कुठलं बेअरिंग आहे

कामाची पद्धत यावर ठरते. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो यांसारख्या छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकात सहसा सीलबंद बेअरिंग नकलमध्ये प्रेसने बसवलेलं असतं. हे काम सगळ्यात किचकट, म्हणून पुढे त्याचंच सविस्तर सांगतो. काही गाड्यांत, विशेषतः मागे, हब (ज्यावर चाक आवळतात तो फिरणारा भाग) आणि बेअरिंग मिळून एकच युनिट येतं. ते तीन-चार बोल्ट काढून बदलायचं, प्रेस लागत नाही. मारुतीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागचं बेअरिंग ब्रेक ड्रममध्येच बसवलेलं असतं, ड्रम काढून प्रेसवाल्याकडे नेला की झालं. बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये टेपर रोलर बेअरिंगची (गोळ्यांऐवजी तिरके रोलर असलेल्या बेअरिंगची) जोडी असते. ती उघडता, धुता, ग्रीस भरून पुन्हा बसवता येते.

बेअरिंग एका बाजूचं गेलं तर एकाच बाजूचं बदललं तरी चालतं. शॉकअप जोडीने बदलतात, तसा नियम इथे नाही. दुसरी बाजू स्प्रिंगवर हात ठेवून तपासा, शांत असेल तर तिला हात लावू नका.

बेअरिंग विकत घेताना

गाडीचं मॉडेल, साल आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) आहे की नाही हे दुकानदाराला सांगा. भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीला ते असणारच. त्याआधीच्या गाडीत मॉडेलप्रमाणे बघावं लागेल. बऱ्याच एबीएसच्या गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. तिथे साधं बेअरिंग बसवलं तर चाक फिरेल, पण डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा लागेल आणि एबीएस बंद पडेल.

जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचता येत असेल तर माप पडताळता येतं. उदाहरणार्थ डीएसी ३४६४००३७ म्हणजे आतला व्यास ३४ मिलिमीटर, बाहेरचा ६४ आणि रुंदी ३७. व्हर्नियर कॅलिपरने मोजून घेतलंत तर दुकानाची दुसरी चक्कर वाचते.

नकली बेअरिंग हा खरा त्रास आहे. छपाई हुबेहूब असते, पोलाद नसतं. एसकेएफचं 'ऑथेंटिकेट' आणि एफएजी बनवणाऱ्या शेफलरचं 'ओरिजिनचेक' ही मोबाइल अ‍ॅप त्यासाठीच आहेत. ती वापरा आणि पक्कं बिल घ्या. बेअरिंगबरोबर नवा एक्सल नट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा मोठा नट) आणि नवी सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) घ्यायला विसरू नका. यात कंजुषी करू नये.

खोलणं

सुरुवात चाक जमिनीवर असतानाच करायची. चाकाची मधली टोपी काढा. एक्सल नटची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती बारीक छिन्नीने उचला. न उचलता पाना लावला तर शाफ्टचे आटे जातात. दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावा, गोटी पाना आणि लांब दांडा घालून नट फक्त सैल करा. चाकाचे नटही अर्धी फेरी सैल करा. मग गाडी उचला, स्टँड लावा, चाक काढा आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर ते गाडी पेलून धरतं.

एबीएस सेन्सर असेल तर त्याचा बोल्ट काढून तो हलक्या हाताने बाहेर घ्या. आपल्याकडे काळी माती आणि गंज मिळून तो घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून वाट बघा, स्क्रूड्रायव्हरने उपटू नका. हलत नसेल तर वायरिंगच्या कनेक्टरपासून सोडवून नकलसकट न्या.

कॅलिपर ब्रॅकेटचे दोन बोल्ट काढून कॅलिपर बाहेर घ्या आणि जाड तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या होजवर लोंबकळू दिला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. डिस्क चिकटली असेल तर बऱ्याच डिस्कना दोन आट्यांची भोकं असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ती स्वतःच बाहेर येते.

टाय रॉड एंडची स्प्लिट पिन आणि नट काढा. आट्यांवर हातोडा मारू नका. पुलर असेल तर उत्तम, नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात तो बसतो त्याच्या बाजूवर एक-दोन ठोके द्या, तो सुटतो. मग खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट आणि शॉकअपचे दोन बोल्ट. शॉकअपचे बोल्ट काढण्याआधी नकल आणि शॉकअप यांच्यावर सुईने किंवा रंगाने खूण करा, बसवताना कोन जवळपास जागेवर येईल.

शेवटी एक्सल नट टोकापर्यंत आणून लाकडाच्या ठोकळ्यावरून शाफ्ट आत ठोका. सुटला की नट काढा आणि नकल बाहेर ओढा. इथे शाफ्ट बाहेरच्या दिशेने ओढायचा नाही, नाहीतर आतला जॉइंट सुटतो किंवा गिअरबॉक्सचं तेल गळू लागतं. शाफ्टही तारेने बांधून ठेवा.

प्रेसवरचं काम: इथे घाई नको

नकल हातात आली की ती प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा अशा गावांत ट्रॅक्टर आणि शेतीच्या अवजारांची कामं करणाऱ्या लेथवाल्यांकडे हायड्रॉलिक प्रेस मिळतो. स्वतः जा आणि समोर उभं राहा. वर्कशॉपवाल्याला बेअरिंगची पद्धत माहीत असेलच असं नाही, त्याचं रोजचं काम वेगळं असतं.

आधी हब बाहेर ढकललं जातं. तेव्हा बेअरिंगची बाहेरच्या बाजूची आतली रेस हबवरच अडकून येते. ती पुलरने काढा. पुलर धरत नसेल तर ग्राइंडरने रेसवर तिरकी खाच घ्या, पण पूर्ण आरपार नको. शेवटचा पापुद्रा राहू द्या आणि त्या खाचेत छिन्नीचा एक ठोका द्या, रेस तडकते आणि सैल होते. ग्राइंडर हबला लागला तर हब बाद. डोळ्यांवर चष्मा हवाच, रेसचं पोलाद काचेसारखं उडतं. गॅसने हब तापवून काढू नका.

मग सर्क्लिप काढून जुनं बेअरिंग नकलमधून बाहेर दाबा. काढलेली रेस पुसून उजेडात धरा. आतल्या वाटेवर फिकट राखाडी ठिपके, सोललेले खड्डे किंवा तपकिरी गंजाच्या रेषा दिसतील. गंज म्हणजे सीलमधून पाणी आत गेलं होतं. ठरावीक अंतरावर एकसारखे बारीक खळगे म्हणजे मागच्या वेळी कोणीतरी ठोकून बसवलं होतं. ही रेस बघितल्याशिवाय फेकू नका.

हबच्या नळीवरून नख फिरवा. नख अडकत असेल, निळसर डाग असेल, तर हब नवं घ्या. नकलमधलं भोक झिजून बेअरिंग हाताने सरकत असेल तर काही ठिकाणी आत पंचाने ठिपके मारतात किंवा पत्र्याची पट्टी घालतात. दोन्ही उपाय टिकत नाहीत. नकल बदला, चांगल्या अवस्थेतली जुनी मिळाली तरी चालेल.

नवं बेअरिंग शेवटच्या क्षणापर्यंत पाकिटात ठेवा. त्यात ग्रीस कंपनीने भरलेलं असतं, ते डिझेलने धुऊ नका, वरून ग्रीस घालू नका. एबीएसचं असेल तर चुंबकीय बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. कळत नसेल तर कागदाची छोटी क्लिप दोन्ही बाजूंना धरून बघा, चुंबकीय बाजू ती किंचित ओढते. ते चुंबक लावलेल्या ट्रेमध्ये ठेवू नका, पट्टी खराब होते.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर द्यायचा. हब बेअरिंगमध्ये दाबताना मागून आतल्या रेसला पाइपचा आधार द्यायचा. दोन्ही वेळा हेतू एकच आहे: दाब गोळ्यांमधून जाता कामा नये. टनांचा दाब गोळ्यांतून गेला तर प्रत्येक गोळी रेसवर आपला खळगा उमटवते. हाताने फिरवताना काही कळत नाही, पण महामार्गावर आवाज पहिल्या दिवसापासून किंवा काही आठवड्यांत येतो. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

बाहेरच्या रेसवर दाबायला जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस कामी येते. तिचा घेर ग्राइंडरवर जरासा कमी करून घ्या, म्हणजे ती आत अडकून बसत नाही. भोकात तेलाचा पातळ हात फिरवा, बेअरिंग सरळ बसलंय का चारही बाजूंनी बघा, आणि हळू दाबा. तिरकं जातंय असं वाटलं तर लगेच थांबा, बाहेर काढून पुन्हा सुरू करा. तळाला टेकलं की प्रेसचा दाब एकदम चढतो, तिथे थांबायचं. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली याची खात्री करा, नसेल बसत तर बेअरिंग अजून तळाला टेकलेलं नाही. मग नकल उलटी करा, आतल्या रेसच्या मापाचा पाइप खाली ठेवा आणि हब दाबा.

झाल्यावर हब हाताने फिरवा. किंचित जड, पण रेशमासारखं सलग फिरलं पाहिजे. दाणे लागले तर गाडीत बसवू नका.

जोडणं आणि आवळणं

खोललं त्याच्या उलट क्रमाने जोडा. शाफ्टचे आटे आणि स्प्लाइन तारेच्या ब्रशने साफ करा. टाय रॉडला नवी स्प्लिट पिन घाला. शॉकअपचे बोल्ट खुणेवर आणून आवळा.

एक्सल नट नवाच घ्या आणि तो टॉर्क पान्यानेच आवळा. छोट्या गाड्यांत हा आकडा बहुधा १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. हा नट शाफ्ट धरतोच, शिवाय बेअरिंगच्या दोन्ही आतल्या रेस एकमेकींवर दाबून धरतो. तो कमी आवळला तर रेस आपापल्या हलतात आणि बेअरिंग लवकर जातं. एअर गनने अंदाजाने आवळलेल्या नटवर विश्वास ठेवू नका. आवळताना चाक हवेत, दुसऱ्याचा पाय ब्रेकवर. नट आवळण्याआधी गाडी त्या चाकावर उतरवायची नाही आणि ढकलायचीही नाही. शेवटी नटची कड खाचेत ठोकून बसवा.

चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने, छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल तीन-चार वेळा दाबून कडक करा. कॅलिपर काढल्यावर पहिला ब्रेक तळाला जाऊ शकतो, हे गल्लीत कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा आणि अलाइनमेंट करून घ्या.

बोलेरो, सुमोवाल्यांसाठी

टेपर बेअरिंग ग्रीस कोरडं पडल्याने किंवा पाणी गेल्याने ओरडू लागतं, आणि वेळेवर उघडलं तर बऱ्याचदा वाचतं. हब काढा, दोन्ही बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा आणि सावलीत वाळू द्या. हवेच्या नळीने फिरवत वाळवू नका, कोरडे रोलर त्याने घासले जातात. रोलर आणि हबमधला कप (रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी) दोन्ही बघा. निळे डाग, खड्डे किंवा रेघा असतील तर रोलर आणि कप जोडीनेच बदला. नव्या रोलरला जुना कप ठेवला तर सगळं काम वाया.

बेअरिंगसाठीचं चांगलं लिथियम ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जा, वरच्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. पूर्ण गोल असंच भरा. हबच्या पोकळीत मात्र निम्म्याहून जास्त भरू नका, जास्त ग्रीस तापतं आणि सील ढकलून ब्रेकवर येतं. ऑइल सील नवीन घ्या. नट बसवताना चाक हाताने फिरवत फिरवत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून बोटांनी लागेल तेवढा पुन्हा आवळा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला प्ले ठेवा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवा. 'चाक हलायला नको' म्हणून घट्ट आवळलेलं टेपर बेअरिंग घाटात तापून जॅम होतं.

आवाज पुन्हा येऊ नये म्हणून

बेअरिंगचा पहिला शत्रू पाणी. पावसाळ्यात फरशीवरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी जात असताना गाडी घातली आणि चाकाचा मधला भाग बुडाला, तर तापलेलं बेअरिंग थंड होताना सीलमधून पाणी ओढून घेतं. असं घडलं असेल तर पुढचे काही आठवडे आवाजाकडे लक्ष ठेवा, टेपर बेअरिंग असेल तर उघडून ग्रीस बदला. वॉशिंग सेंटरवर प्रेशर गन थेट हबवर मारू देऊ नका. शेताच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीच्या चाकामागे साचलेली काळी माती वाळण्याआधी साध्या पाण्याने काढा.

चाकं बाहेर काढणारे स्पेसर आणि मापापेक्षा रुंद टायर लावले की वजन बेअरिंगच्या बाहेरच्या ओळीवर जातं. गाडी देखणी दिसते, पण बेअरिंग वारंवार जातं.

एक कारण फार कमी लोकांना माहीत आहे. गार्ड किंवा हुक वेल्डिंग करताना अर्थची क्लिप गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावली, तर करंट बेअरिंगमधून जाऊन गोळ्या आणि रेसवर सूक्ष्म जळके खड्डे पाडतो. अर्थ नेहमी वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायला सांगा आणि बॅटरीची वायर काढून ठेवा.

आवाज नुसता घुमत असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. चाकाला प्ले आलाय, खरखर सुरू झालीय किंवा चाकातून जळक्या ग्रीसचा वास येतोय, तर गाडी जिथे असेल तिथेच उभी करा आणि टोइंग बोलवा. लालिंग घाटात किंवा कोंडाईबारीत चाक जॅम झालं, तर गाडी आवरणं ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

बेअरिंग बदलूनही थोडा आवाज उरला तर घाबरू नका. खराब बेअरिंगवर गाडी बरीच चालली असेल तर त्या चाकाचा टायर वाकडा झिजलेला असतो आणि तोच घुमत राहतो. चाकांची पुढे-मागे अदलाबदल करा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगात ऐका.